ब्रेकवरचा पाय

चांगुणाबाईचा उजवा पाय गेल्या श्रावणात मोडला. हौदाच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. वाळलेली काटकी मोडावी तसा, कट्ट. पुढे प्लास्टर निघालं. कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून हाड चांगलं जुळल्याचं सांगितलं, आता बिनघोर पाय टाका म्हणाले. पण तो आवाज काही तिच्या कानातून जाईना. सगळा भार डाव्या पायावर आणि काठीवर देऊन ती चालायची. एके काळी रोजगार हमीच्या कामावर गड्यांच्या बरोबरीने मातीच्या पाट्या वाहिलेली बाई, आता ओट्यावर बसून सुनेकडे तांब्याभर पाणी मागायची, आणि मागताना तिचं तोंड कडू व्हायचं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यातला रविवार होता. शेजारच्या रंगुबाईच्या नातवाचं राशीनला लग्न, त्यामुळे सगळी आळी सकाळीच टेम्पोत बसून गेली. सून सीमाही गेली. मागे राहिली चांगुणाबाई आणि तिचा मुलगा प्रशांत. प्रशांत जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला वाड्यावस्त्यांवर जाऊन गुरांना लस टोचायची होती, आणि त्याची यामाहा तर चढ आला की चेन सोडत होती. चेन ज्यांवर फिरते त्या चाकांचे दाते पार झिजून मांजराच्या नखांसारखे वाकडे झाले होते. नवी चेन आणि पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे ती दातेरी चाकं, त्याने नगरहून आणून ठेवलेली. गावातला गॅरेजवालाही वऱ्हाडात, म्हणून त्याने अंगणात लिंबाखाली गाडी डबल स्टँडवर लावली आणि स्वतःच कामाला बसला.

चांगुणाबाई ओट्यावरून बघत होती. पोरगं हौसेने कामाला लागलं होतं. जुनी चेन त्याने चुटकीसरशी काढली. पण पुढच्या स्प्रॉकेटच्या मोठ्या नटाला पाना लावला, तर नटाबरोबर सगळंच फिरायला लागलं. बराच वेळ झटून तो गुडघ्यावर हात ठेवून बसला.

"काय झालं रं?"

"चेन आधी काढायला नको होती, आई. चेन असली म्हंजी मागचा ब्रेक दाबून हे चाक धरता येतं. आता परत चढवतो."

काळीकुट्ट चेन त्याने पुन्हा चढवली, गाडी गिअरमध्ये टाकली, आणि मग आईकडे बघितलं. मदतीला बोलवण्यासारखं आळीत दुसरं कुणी नव्हतंच.

काठी टेकत ती आली. पाटावर बसून तिने दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. प्रशांतने पाना ओढला तशी चेन सरकली.

"हातानं न्हाई व्हायचं. वर बसून पायानं दाबावा लागंल."

"डाव्या पायानं दाबते."

"ब्रेक उजवीकडं असतो, आई." त्याने पाना खाली ठेवला. "राहू दे. टेम्पो आला की बोलवीन कुनाला तरी."

राहू दे. हा शब्द ती श्रावणापासून ऐकत आली होती. आई, घागर राहू दे. आई, चुलीपाशी नको, राहू दे. तिच्या कपाळाची शीर ताठली.

"राहू दे कशापायी? गाडी धर नीट."

तिने काठी लिंबाला टेकवली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि प्रशांतच्या खांद्यावर हात देऊन सीटवर टांग टाकली. उजवा पाय ब्रेकवर ठेवला खरा, पण उकळत्या पाण्यात बोट बुडवावं तसा.

"दाब," प्रशांत गाडीच्या डाव्या अंगाने म्हणाला. पान्याच्या दांड्याला त्याने लोखंडी पाईप अडकवला होता. "अजून. अजून जोर लाव."

तिने हँडल धरलं आणि सीटवरून उठून पायाखालच्या ब्रेकवर अंग टाकलं. तिकडे प्रशांत पाईपवर लोंबकळला.

कट्ट.

चांगुणाबाईने डोळे गच्च मिटले. तोच आवाज. गेला पाय, ती मनात म्हणाली. आता पुन्हा ते प्लास्टर, पुन्हा ती खाट. दातावर दात धरून ती कळ येण्याची वाट बघत राहिली. कळ आली नाही.

"सुटला," खालून प्रशांत म्हणाला.

"काय सुटलं?"

"नट सुटला. बास आता, सोड ब्रेक."

तिने डोळे उघडून खाली बघितलं. सगळा भार उजव्या पायावर देऊन ती उभी होती. पाय जागच्या जागी होता.

"प्रशांता, त्यो आवाज नटाचा व्हता?"

"मग कशाचा असंल?"

ती मटकन सीटवर बसली. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. प्रशांत घाबरून ग्रीसच्या हातांनी तसाच उठला. "लागलं का कुठं?"

"न्हाई रं. काय बी लागलं न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "लई मोठा श्वास अडकून बसला व्हता, त्यो सुटला."

पुढचं काम मग सरळ झालं. तिने रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुऊन दिले, पक्कड दिली, पाने दिले. नवी स्प्रॉकेटं बसली, चेन चढली. पुढचा नट आवळायची वेळ आली तेव्हा प्रशांतने हाक मारायच्या आधीच ती सीटवर चढून बसली होती. चेन जरा सैल ठेवून त्याने मागचं चाक आवळलं आणि हाताने फिरवून बघितलं. कुठं अडकत नव्हतं, खडखडत नव्हतं. चढापर्यंत एक चक्कर मारून तो परत आला, तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता की गाडी आता दगा देणार नाही.

लग्नाची मंडळी दिवेलागणीला आली. प्रशांतने सीमाला सगळं सांगितलं, तर तिचा विश्वास बसेना. जेवणं झाल्यावर ती तेलाची वाटी घेऊन सासूजवळ बसली.

"आत्या, दुखतोय का हो पाय?"

"दुखतोय की," चांगुणाबाई दोन्ही पाय लांब करत म्हणाली. "पन आज दोनी सारखंच दुखत्यात."