पिंपळाखालची जागा

येलहंकाच्या पुढच्या त्या खेड्यात भार्गवी आणि श्रीहर्ष तेच घर तिसऱ्यांदा पाहायला आले होते. भार्गवीला ते हवं होतं. जाड भिंती, मागे विहीर, आणि दम्यानं बेजार झालेल्या सासऱ्यांसाठी मोकळी हवा. अडत होतं ते गाडीपाशी. रस्त्यात लावली तर दुधाची व्हॅन अडणार. दुसरी जागा एकच, दारासमोरच्या पिंपळाखाली, आणि तिथं नागाच्या सात शिळा उभ्या होत्या. हळद, कुंकू, आंबलेलं दूध, त्यावर माश्या. वासाचं तिला काही वाटलं नाही. कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्रच शिकवायची.

"हे सरकवू की, अक्का," दलाल कल्लाप्पा म्हणाला. "आचार्यांना बोलवू, होम करू, दगड तळ्याकाठी नेऊन ठेवू."

"गावाला चालेल?" भार्गवीनं विचारलं.

"गाव आज बोंबलेल, उद्या जेवायला येईल."

श्रीहर्ष हसला. "किती काढले तर गाडी बसते, बघ ना."

भार्गवीनं टेप लावली. "चार."

शेजारच्या घराच्या जगलीवरून, दारापुढच्या ओट्यावरून, एक म्हातारी दुधाचा तांब्या घेऊन उतरली. "दुसरा दगड माझा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा नवस बोलून बसवला. इथले सगळे असेच, कुणाकुणाचे."

"मग झालं मूल?" भार्गवीनं विचारलं.

म्हातारीनं हनुवटीनं कल्लाप्पाकडे खूण केली.

कल्लाप्पा जराही ओशाळला नाही. "मी जन्मलो की, अव्वा. आता दगडाचं काय काम?"

"खरंय, मुद्दा बरोबर आहे," म्हणून श्रीहर्ष परत हसला.

टेप गुंडाळताना भार्गवीला किळस आली. किळस कल्लाप्पाची होती, नवऱ्याच्या हसण्याची होती, पण जास्त होती ती 'चार' म्हणणाऱ्या आपल्याच आवाजाची. इंचाचीही चूक न करता तिनं मोजलं होतं.

"हर्ष, हे घर नको."

"अगं, आणि बाबा?"

"दुसरं शोधू. रोज सकाळी या बाईंसमोर इथून गाडी काढायची? मला नाही जमणार."

"हरकत नाही, अक्का," कल्लाप्पा म्हणाला. "रविवारी दुसरी पार्टी येतेय. त्यांची गाडी तुमच्यापेक्षा मोठी आहे. सातही काढावे लागतील."

म्हातारीनं ते ऐकलं. दुसऱ्या शिळेवर तिनं सावकाश दूध ओतलं, पदराला हात पुसले आणि मुलाला म्हणाली, "सकाळपासून उपाशी आहेस. नाचणीचे मुद्दे गार होतायत, चल."

तो तिच्या मागून जेवायला गेला.