खारीला वळण

पंढरीनाथांनी ओली चप्पल उचलली आणि थेट जेवणाच्या टेबलावर, सुनेच्या डब्याशेजारी ठेवली.

"बघ. तुझ्या लाडकीनं काय केलंय ते."

अनुष्काने डब्याचं झाकण लावलं, चप्पल उचलून मोरीत नेली आणि येताना फडकं आणि फिनेल घेऊन आली. फरशी पुसून ती ऑफिसला निघून गेली. एक शब्द बोलली नाही. तिचं हे न बोलणं पंढरीनाथांना उलट उत्तरापेक्षा जास्त झोंबायचं.

पंढरीनाथांची बायको सुचेता होती तोवर या दोघांमध्ये तिचा आवाज असायचा. ती गेली आणि नवघर रोडवरच्या त्या वन बीएचकेमध्ये सासरा आणि सून समोरासमोर आले. त्यात हे कुत्र्याचं पिल्लू. अनुष्काने ते कुणाला न विचारता आणलं आणि त्याचं अंथरूण घातलं नेमकं सुचेताच्या खुर्चीच्या जागी. खारी बिस्किटासारख्या तांबूस रंगावरून नाव ठेवलं खारी.

खारीला वळण लावायचं अनुष्काने मनावर घेतलं होतं. खारी झोपून उठली की, खाऊन झालं की, ती तिला उचलून बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर उभी करायची. तिथे केलं की बिस्किटाचा तुकडा. हॉलमध्ये केलं की करड्या आवाजात "नाही", बस. हात उगारायचा नाही, हा तिचा दंडक. पंढरीनाथांना ती सगळी थेरं वाटायची.

"कुत्र्याला बिस्किटं आणि माणसाला तोंड फिरवून दाखवायचं," ते भिंतीकडे बघत म्हणायचे.

"तोंड मी फिरवलेलं नाही, बाबा."

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे अल्पेशभाई दारात आले. "काका, ऊपर से पानी टपकता है. बाल्कनी में कुत्ता रखा है क्या?" पंढरीनाथांना आयतंच निमित्त मिळालं. नीरज कामावरून येऊन बूट काढत होता, तेवढ्यात त्यांनी मुलाला सुनावलं.

"एक तर ते कुत्रं राहील, नाहीतर मी. काय ते ठरव."

नीरजने बायकोकडे पाहिलं. अनुष्का पोळ्या लाटत राहिली, फक्त लाटणं जरा जोरात आपटलं.

"वसईला एक मित्र आहे माझा," नीरज म्हणाला. "त्याला विचारतो."

दुसऱ्या दिवशी शनिवार. नीरजला अर्धा दिवस होता, अनुष्काला सुट्टी. दुपारी ती भाजी आणायला खाली उतरली. जाताना खारीला बाल्कनीत ठेवून तिने हॉलच्या बाजूने दाराला कडी घातली. "तुमच्या पायात नको यायला," असं म्हणून ती गेली.

पंढरीनाथांचा दिवाणावर डोळा लागला. जाग आली ती घाईने. हल्ली अशी घाई व्हायची, पण आजवर निभावलं होतं. भिंत धरत ते पॅसेजमध्ये आले आणि बाथरूमच्या दारापर्यंत पोचले नाहीत.

भिंत धरूनच ते तसेच आत गेले. मग लेंगा बदलला, भिजलेला बादलीत बुडवला. फडकं काही सापडेना. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. ते कसेबसे दिवाणावर येऊन बसले आणि हाताला आला तो पेपर उघडून त्याच्याआड झाले.

गेटपाशी भेट झाली असावी, नवरा-बायको बरोबरच आत आले.

"हे काय, पुन्हा?" पॅसेजकडे बघून नीरज म्हणाला.

अनुष्काने भाजीची पिशवी खाली ठेवली. तिने फरशीकडे पाहिलं. बाथरूममधल्या बादलीकडे पाहिलं. मग ती बाल्कनीकडे गेली. कडी सरकल्याचा आवाज झाला. पेपर धरलेले पंढरीनाथांचे हात जागच्या जागी घट्ट झाले. कडी तिनेच घातली होती, तिनेच काढली. नीरज पाठमोरा होता, मोजे काढत होता.

खारीला काखोटीला मारून तिने पॅसेजमध्ये आणलं आणि थारोळ्याशेजारी उभं केलं.

"नाही, खारी. कितीदा सांगितलं?"

आवाज नेहमीसारखाच करडा होता. पण तिचा हात खारीच्या पाठीवरून फिरत होता आणि खारी शेपटी हलवत होती.

"पुरे झालं आता," नीरज म्हणाला. "उद्याच नेतो वसईला. बाबांचं बरोबर होतं."

अनुष्का फिनेल ओतून खाली बसली आणि पुसू लागली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर त्यांना चिडायला तरी काही मिळालं असतं.

"राहू दे," पंढरीनाथ म्हणाले.

"काय राहू दे?" नीरजने विचारलं.

"कुत्रं. कुठं न्यायचं नाही."

"अहो, काल तुम्हीच तर..."

"काल काय म्हटलं ते सोड. आज काय म्हणतोय ते ऐक."

नीरज हातात मोजा धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. अनुष्काचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"डॉक्टरांना एकदा दाखवायला हवं," ती फरशीकडे बघत म्हणाली. "औषध असतं याच्यावर. मी सोमवारी रजा टाकते. चालेल?"

"मला काय विचारतेस? मी नसतो सोमवारी," नीरज म्हणाला.

पंढरीनाथांनी पान उलटलं.

"दहानंतर," ते म्हणाले. "आणि रिक्षा बिल्डिंगच्या दारात आण. मी नाक्यापर्यंत चालणार नाही."