कुलूप फोडलं त्या सकाळपासून

मी बंगला बोलतोय. नावावर जाऊ नका. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा आणि मागे विहीर, एवढाच माझा पसारा. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, मी उभा आहे. माझ्याबद्दल सगळे बोलतात, मला कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं.

मला बांधलं दत्तोपंतांनी. कचेरीत कारकून होते. दर रविवारी सायकलवर येऊन विटांवर स्वतः पाणी मारायचे. ते आणि ताराबाई माझ्याच छपराखाली म्हातारे झाले, इथेच गेले. मुलगा पुण्याचा झाला होता. त्याने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि निघून गेला.

अकरा वर्षं कोणी फिरकलं नाही. गच्चीच्या भेगेत पिंपळ रुजला आणि त्याची मुळं माझ्या भिंतीत उतरू लागली. लेआउटमधले लोक मला अगदीच विसरले असं मात्र नाही. कचरा टाकायला मी त्यांना बरोबर आठवायचो. शेजारच्या देवरावांनी तर माझं फाटक काढून आवारात आपली गाडी उभी केली. त्यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही.

मग पुष्पलता आली. मूळची उमरेडकडची, मिहानच्या कंपन्यांमधल्या एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी. रस्ता रुंद झाला त्यात तिची भाड्याची खोली गेली. नवी खोली मागायला गेली की घरमालक आधी विचारायचे, "घरात माणूस कोण आहे?" नवरा नाही म्हटलं की रिकामी खोली एकदम भरलेली निघायची. शेवटी तिने माझ्या ओट्यावर पिशव्या ठेवल्या आणि दगडाने कुलूप फोडलं. सकाळचे आठ वाजले होते, दूधवाला बघत होता. चोरासारखी नाही आली ती.

देवराव धावत आले. "अवं बाई, काय करून राहिली? दुसऱ्याचं घर आहे हे!"

"मंग तुमची गाडी काहून उभी आहे हो काकाजी, दुसऱ्याच्या घरात?"

संध्याकाळी गाडी हलली.

त्याच आठवड्यात पुष्पलताने आणि तिच्या लेकीने, मेघाने, पिंपळ मुळासकट काढला, भेगा सिमेंटने बुजवल्या, विहिरीतला गाळ उपसला. मेघाच्या शाळेत माझा पत्ता नोंदवला गेला. तीन उन्हाळे आम्ही एकत्र काढले. भर मे महिन्यात फरशीवर पाणी शिंपडून मायलेकी माझ्या गारव्यात पडायच्या. लोक तिला 'कब्जेवाली' म्हणायचे. म्हणोत बापडे.

यंदा दिवाळीनंतर दत्तोपंतांची नात गार्गी आली. मला विकायचं ठरलं होतं. सोबतच्या दलालाने पुष्पलतापुढे कागद धरला. या घरात आपण कधी राहिलोच नाही, असं तिने लिहून द्यायचं. नाही तर पोलीस.

कणकेचे हात पुसत ती म्हणाली, "ताई, घर तुमचंच आहे, मले ते नाही पाहिजे. पण खोटं मी लिहून देत नाही. इथं राहिलीच नाही म्हटलं, तर माह्या पोरीचा शाळेतला पत्ता खोटा पडते. बोलवा पोलिसाले. मी इथंच बसून आहे."

दलालाचा आवाज चढला. गार्गी मात्र आतल्या खोलीत गेली. तिथे आजोबांच्या खिडकीत मेघाची दहावीची पुस्तकं रचलेली होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"परीक्षा कधी आहे गं?"

"मार्चात," मेघा म्हणाली.

गार्गीने दलालाचा कागद परत केला आणि मेघाच्या वहीचं पान मागून घेतलं. त्यावर लिहिलं: पुष्पलता आणि मेघा तीन वर्षांपासून इथे राहतात, एप्रिलअखेर घर सोडतील. खाली तिने आणि पुष्पलताने सह्या केल्या.

"उपकार नाही म्हणत ताई," पुष्पलता म्हणाली. "तुम्ही खरं लिहिलं, तेवढं पुरे."

आता फेब्रुवारी सरत आलाय. मे महिन्यात मला पाडून चार मजले उभे करणार आहेत. पुष्पलताला खोली अजून मिळालेली नाही. सुट्टीच्या दिवशी ती दारोदार विचारत फिरते. परवा घरांची नोंद करणारा मोजणीवाला आला आणि वहीत लिहू लागला, 'रिकामं घर'. मेघा ओट्यावर गणितं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, खोडा ते. आमी राहतो इथं."

त्याने खोडलं.

पडायला मी भीत नाही. विटांनी रचलेलं ते कधी तरी पडायचंच. पण तोवर इकडे जो येईल, त्याने आधी दार वाजवावं. घरात माणसं आहेत.