चाल साळूबाईंची

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मुळशीतल्या कोंडिबांच्या घरी, भाताच्या कणगीशेजारी माझी जागा आहे. माझे लाकूड सागाचे आणि सूर खणखणीत. त्यातला एक मात्र उसना. ऐन भजनात माझ्या एका सुराची पितळी पत्ती तुटली, तेव्हा पौडच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या फकरुद्दीनचाचांनी स्वतःच्या मोडक्या पेटीतली काढून मला बसवली.

मित्रांनो, कोंडिबांच्या भजनी मंडळाने कुठकुठल्या चाली माझ्यावर वाजवल्या. सिनेमाच्या चालीवर अभंग, तमाशाच्या चालीवर गौळण. पण एक रीत होती. चाल दुसऱ्याची असली, की कोंडिबा आधी कानाच्या पाळीला हात लावून त्याचे नाव घेत आणि मगच भाता हलवत.

पुढे मंडळ पांगले. कुणी बावधनला गेले, कुणी रिसॉर्टवर कामाला लागले. माझ्यावर धूळ साचली आणि उंदरांनी भात्याचा कोपरा कुरतडला.

यंदा कोंडिबांची नात शुभांगी हिने एक गाणे रचून मोबाईलवर टाकले. ते घरोघर वाजू लागले. मग एका संध्याकाळी ती पडलेल्या चेहऱ्याने घरी आली.

"आजोबा, माझ्या वर्गातला वेदांत म्हणतो, माझी चाल ढापलेली आहे. त्याच्या मामाच्या लग्नात बायका हेच गात होत्या. मी मुद्दाम नाही हो घेतली. पण आता काढून टाकते ते गाणं. परत गाणारच नाही."

कोंडिबांनी मला फडक्याने पुसले, भात्याला चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "वाजीव."

तिने वाजवले. शेजारच्या साळूबाई भात पाखडत होत्या, त्या सूप घेऊनच दारात आल्या.

"हे तर आमचं आवणीचं गाणं हाय. तुला बांधावर निजवून आमी रोपं लावायचो, तवा कानावर पडलं आसंल."

शुभांगीचे डोळे भरले. "म्हणजे चोरलंच की मी, आत्या."

"मी तरी कुटं केलंय? आईकडनं घेतलं. तिनं कुणाकडनं, देव जाणे. पर आमी शेवटाला खाली उतरायचो. तू वर गेलीस. ते आमच्यात न्हवतं, बाई. पुन्यांदा वाजीव."

तिने पुन्हा वाजवले. चाल जिथे वर गेली, तिथे माझा तो उसना सूर लागला. कोंडिबांनी नकळत कानाला हात लावला. "फकरुद्दीन," ते पुटपुटले. मग नातीला म्हणाले, "गाणं काढू नगंस. नाव घ्यायचं ऱ्हायलं, तेवढं घे."

शुभांगीने मोठा श्वास सोडला.

"आन घ्यायचं तर नीट घे," साळूबाई म्हणाल्या. "साळूबाई म्हण. गावची एक म्हातारी म्हणशील, तर सूप डोक्यात घालीन."

त्या दिवशी शुभांगी पहिल्यांदा हसली. सकाळी तिने कानाला हात लावला, 'चाल साळूबाईंची' असे म्हटले आणि तेच गाणे पुन्हा गायले.

मित्रांनो, अगदी कोरे गाणे असते का, हे मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत तरी एकही आले नाही. तुम्ही ज्याचे घ्याल त्याचे नाव घ्या, आणि त्यात आपले थोडे घाला. घरात माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिचा भाता अधूनमधून हलवा. फकरुद्दीनचाचा आता नाहीत, पण त्यांचा सूर आमच्या घरी पुन्हा रोज वाजतो.