मालकाच्या टकलावरची सरळ रेघ

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी जावयाला आधीच सांगून टाकलं. खुद्द मालकाचा बसला नव्हता, आणि टक्कल तर त्याचंच होतं.

मी तेव्हा केस उगवणाऱ्या तेलाच्या कारखान्यात संगणकावर बसायचो. मालकाला जाहिरातीसाठी आलेख हवा होता: आडवे तेलाचे चमचे, उभे उगवलेले केस आणि मधून वर चढणारी सरळ रेघ. "संध्याकाळपर्यंत रेघ वर गेली नाही, तर तू बाहेर जाशील," म्हणाला.

रेघ काढणारं फंक्शन मी चुटकीसरशी लिहिलं. फक्त आत येणारे आकडे तपासायला दारात एक दरवान बसवला. म्हणजे चार ओळींची तपासणीच, पण माझा दरवान भारी खडूस निघाला.

मालकाने दहा जणांचे चमचे दिले आणि केस नऊ जणांचे. दरवान म्हणाला, "दहावा कुठाय?" दहावा विग घेऊन पसार झाला होता. मग मालकाने केसांच्या रकान्यात 'भरपूर' असं ठोकून दिलं. दरवान म्हणाला, "आकडा बोला." मालकाने वैतागून सगळ्यांच्या डोक्यावर एकेकच चमचा थापला. दरवान म्हणाला, "सगळ्यांना सारखंच तेल, मग कमी-जास्तीने काय होतं ते कशावरून सांगू?"

"मामा, यंत्र असं बोलायचं?" जावयाने विचारलं.

"नुसतं बोलायचं? टोमणे मारायचं. थेट तुमच्या सासूबाईंसारखं."

आमची ही शेजारीच स्वेटर विणत होती.

"मालक म्हणाला, तो दरवान काढ. मी म्हटलं, शक्य नाही. पाच वाजायला आले, नोकरी गेल्यात जमा. शेवटी मी मालकालाच खुर्चीत बसवलं, टकलावर चमचाभर तेल ओतलं, उगवलेले केस मोजले आणि तेवढा एकच ठिपका आत ढकलला. दरवानाने उठून सलाम ठोकला. रेघ अशी सुसाट वर गेली की पडदा पुरेना, उरलेली भिंतीवर काढावी लागली. मालकाने मला उभ्या उभ्या मॅनेजर केलं."

सुया थांबल्या.

"अहो, एका ठिपक्यातून कसली रेघ? हवी तशी फिरवा, सगळ्याच बसतील. तुमच्या दरवानाने दुसरा ठिपका मागितलाच असणार." मग ती जावयाकडे वळली. "मॅनेजर कसले डोंबलाचे. दरवान काढायला नाही म्हणाले, म्हणून मालकाने ह्यांनाच काढलं."