माळावर निघालेले माग

मगनने पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा मागाचा शेवटचा बोल्ट करकरत सैल झाला. क्रेनवाल्याने साखळी ताणली आणि तो अवजड माग जमिनीपासून वीतभर वर उचलला गेला. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या या कापडकारखान्यात मगनची उमर गेली होती, पण माग असा अधांतरी तो पहिल्यांदाच पाहत होता. पाना हातात धरून तो नुसता बघत राहिला.

माग निघाले होते नंदुरबारकडे, मगनच्याच गावच्या माळावर. मागास तालुक्यात कारखाना काढणाऱ्याला महाराष्ट्र सरकार विजेत सवलत देत होतं, म्हणून शेठ भूपेंद्रभाईंनी निम्मे माग तिकडे हलवायचं ठरवलं होतं. त्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. तिथूनच काम शोधत मगन तरुणपणी सुरतेला आला होता आणि आता कामच तिकडे चाललं होतं. त्याने बायकोला, प्रमिलाबाईला, ही बातमी सांगितली तेव्हा तव्यावरची भाकरी करपली तरी ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

नव्या कारखान्यासाठी गावातल्या काही मुली इथे काम शिकायला आल्या होत्या. त्यांत मगनच्या थोरल्या भावाची, लखनची, मुलगी सुवर्णा होती. ती काकाच्याच घरी राहिली. पाण्याची बारीक चिळकांडी सुटते आणि तिच्याबरोबर धागा कापडाच्या या काठावरून त्या काठावर जातो, हे पहिल्या दिवशी तिला खरंच वाटेना. चेहऱ्यावर तुषार उडत होते तरी ती मागासमोरून हलेना. हे सगळं माणसांनीच केलं का, असं तिने त्या गोंगाटात काकाच्या कानाशी ओरडून विचारलं होतं. सुट्टीच्या दिवशी प्रमिलाबाईने तिला पर्वत पाटियाकडचा कापडबाजार दाखवला. मजल्यामागून मजले साड्यांनी भरलेले पाहून आलेली ती मुलगी त्या दिवशी जेवताना घास हातात घेऊन तशीच बसली होती.

आज माग ट्रकवर चढत होते. बाकीच्या मुली गावच्या गाडीत बसल्या. सुवर्णाची पिशवी मात्र अजून फाटकापाशीच होती.

"काका, मी आठेच ऱ्हाऊ का?"

ताडपत्रीची दोरी आवळणारे मगनचे हात थांबले. तिकडे माग हेच आहेत, पगार हाच आहे, घर हाकेवर आहे, असं त्याने तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माग तेच शेतस," ती म्हणाली. "पन आठे अजून कितलं देखानं बाकी शे."

मगनने लखनला फोन लावला. लखनने त्याला बोलूच दिलं नाही. तो माळावरच उभा होता. नवं छप्पर एका नजरेत मावत नाही, सगळं गाव बघायला लोटलंय, म्हाताऱ्या माणसांनी त्या सावलीत बैठक मारलीय, असं तो धापा टाकत सांगत होता. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"आते कोनी गाव सोडाव नही, मगन."

 मगनने फोन सुवर्णाच्या हातात दिला. आपल्याला इथेच राहायचंय, असं तिने बापाला सांगितलं आणि मग बराच वेळ त्याचं ऐकत राहिली. क्रेनने तोवर आणखी एक माग उचलला होता. तिची नजर त्याच्याबरोबर वर वर गेली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही एक डाव आठे या. देखा. सांगीसन समजाव नही."

मगन दर आखाजीच्या सणाला गावी जायचा, पण एकदा येऊन बघ, असं एवढ्या वर्षांत तो भावाला कधी म्हणाला नव्हता.  त्याने दोरीला उगाच आणखी एक गाठ मारली.

मग सुवर्णाने फोनवर तळहात धरला आणि त्याच्याकडे वळून बघितलं.

"काका, बाबा विचारी ऱ्हायनात, सुरतले कोनती गाडी येस?"