कच्च्या रेघा

"हे खोडलंत का, मामा?" मॅडमनी विचारलं.

मॅडम म्हणजे विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गाला रेषीय बीजगणित आणि भूमिती शिकवणारी मुलगी. वयानं मामांच्या थोरलीएवढी. मामा हे नाव खरं कारखान्यातलं, पण पहिल्याच आठवड्यात अख्खा वर्ग त्यांना मामा म्हणायला लागला होता. निकाल लागल्यावर मामांनी अर्ज करून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आपली उत्तरपत्रिका बघायला मागवली होती. ती आता टेबलावर उघडी पडली होती. वर लाल शाईत सदतीस. पास व्हायला चाळीस लागत.

प्रश्न पाच गुणांचा होता. एका बिंदूपासून एका रेषेपर्यंतचं अंतर काढा. मामांनी सूत्र मांडलं होतं, पायरीपायरीनं सोडवलं होतं, आणि शेवटी वर्गमूळ तेरा हे अगदी बरोबर उत्तर आणलं होतं. मग त्या सगळ्यावर पट्टी धरून एक तिरकी रेघ मारली होती. खाली नेटकी आकृती काढून, अंतर पट्टीनं मोजून लिहिलं होतं, तीन पूर्णांक सहा दशांश. शेजारी परीक्षकानं भोपळा काढला होता.

"आमच्यात कच्चं ठेवत नाहीत, मॅडम," मामा म्हणाले. "आखणी पक्की झाली की कच्च्या रेघा पुसायच्या, नाहीतर खोडायच्या. एखादी राहिली तर कापणारा नेमका तिच्यावरच कापतो. अख्खा पत्रा भंगारात जातो."

"पण हे तर बरोबर होतं ना!"

"ते कळायला मोजून बघावं लागलं. वर्गमूळ तेरा कुठल्या टेपवर असतं हो? आकृती काढली, तीन पॉइंट सहा भरलं, तेव्हा खात्री पटली. खात्री पटल्यावर कच्चं कशाला ठेवायचं?"

मॅडमनी डोक्याला हात लावला. "खोडलेलं तपासायचं नाही, असा नियम आहे. आणि मोजून काढलेल्या उत्तराला गुण नाहीत. पेपर बाहेरच्यांनी तपासलाय, पण माझ्याकडे असता तरी मलाही..." पुढचं त्यांनी गिळलं. "सहा महिन्यांनी परत बसा. तुम्ही सहज निघाल, मामा."

नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी, हे भाषणात विचारायला बरं असतं. मामांनी आभार मानले आणि जिना कठड्याला धरून, एकेक पायरी उतरले.

एकतीस वर्षं ते हवेचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात आखणी करत होते. सपाट पत्र्यावर अशा रेघा मारायच्या, की कापून वाकवल्यावर एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला गोल तोंड निघालं पाहिजे. हे सगळं उकिडवं बसून, जमिनीवर. त्यात दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी खाली बसायचं बंद करा म्हणून सांगितलं होतं, जसं काही कारखाना डॉक्टरांच्या सासऱ्याचा होता. त्यातून सुटायची वाट एकच, फोरमनची जागा. फोरमनचं काम टेबलाशी, उभ्यानं. जुना फोरमन निवृत्त झाला तेव्हा मालक म्हणाले होते, "मामा, जागा तुमचीच. फक्त नव्या कामांच्या नकाशांवर विद्यापीठाचं सर्टिफिकेट असलेल्याची सही लागते. चार पेपर आहेत. काढा, मी थांबतो."

"गुडघ्यांनी उठवत नाही, आणि बांधा त्यांनाच बाशिंग!" बायको म्हणाली होती. पण संध्याकाळचा डबा तीच भरून देत होती.

तीन पेपर मामांनी रेटून काढले. या चौथ्याची मात्र त्यांना गोडी लागली. दोन सदिशांचा अदिश गुणाकार शून्य आला की ते काटकोनात असतात, हे मॅडमनी फळ्यावर दाखवलं तेव्हा मामा वही मिटून नुसते बघत बसले. आयुष्यभर गुण्या लावून जो काटकोन तपासला, त्याच्यामागे एवढं सगळं होतं तर! तीस वर्षं जिच्याशी संसार केला तिचं माहेर पहिल्यांदाच बघावं, तसं त्यांना वाटलं. वर्गातली पोरं त्यांच्याकडून आकृत्या काढून घ्यायची. ती सगळी पास झाली.

त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आलं होतं तुम्हाला?"

"आलं होतं."

"आणि तुम्हीच खोडलंत?"

"हो."

"हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली आणि तोंड फिरवून मलमाची बाटली शोधायला लागली. ती बराच वेळ सापडेना. मामांना तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, पण एका पेपरासाठी ते कशाला खर्ची घालायचं, म्हणून त्यांनी ते आवरलं.

मालकांनी दुसऱ्या दिवशी हळहळ पुरेपूर केली. "तीन मार्कांनी? अरेरे! मी तुमच्यासाठी किती थांबलो, मामा, तुम्हीच सांगा." आता सहा महिने कोण थांबणार? मामांनीही मागितले नाहीत. मागून मिळाले नसते, आणि मागितल्याचं मात्र कारखानाभर झालं असतं.

सोमवारी नवा फोरमन आला. इंजिनियर, सव्वीस वर्षांचा, स्वभावानं नम्र. नाव ठेवायला जागा नाही, हीच मामांची मोठी अडचण झाली. पहिल्याच आठवड्यात तो हातात नकाशा घेऊन आखणीच्या जागेवर आला.

"मामा, या तिरक्या जोडाची आखणी कशी करायची, दाखवता का? हिशोब मी केलाय, पण पत्र्यावर उतरवता येत नाहीये."

मामांनी नकाशा बघितला. हिशोब चोख होता. "दाखवतो की."

फोरमन धावत जाऊन आपल्या टेबलामागची खुर्ची उचलून घेऊन आला. ती त्यानं पत्र्याच्या कडेला ठेवली, हातानं झटकली. "बसा, मामा. खाली नका बसू, तुमचे गुडघे दुखतात म्हणे."

मामांनी खुर्ची हातानं थोडी बाजूला सरकवली.

"वरून हात पोचत नाही, साहेब," ते म्हणाले.

त्यांनी डावा हात भिंतीला लावला, उजवा मांडीवर दाबला, आणि थांबत थांबत खाली बसायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. ते पुरते टेकेपर्यंत फोरमन हातातला नकाशा वाचत राहिला. चांगल्या घरचा मुलगा होता.